फॅट चढली, एसएनएफ उतरला: दुधावरून गायीचा किटोसिस कसा पकडायचा

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरकडच्या हिंगण्याजवळच्या गोठ्यातली एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय, तिसरं वेत, व्यायला १६ दिवस झाले. दूध दिवसाला १७ लिटरवरून १३ वर आलं. संकलन केंद्रात तिच्या एकटीच्या दुधाला फॅट ५.४ टक्के आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ: प्रोटीन, दुधातली साखर, क्षार) ८.१ टक्के लागला. आधीच्या आठवड्यात हेच आकडे ४.० आणि ८.५ होते. गाय ढेप ठेवून देते, कडबा मात्र खाते. केंद्रावर सांगितलं की दुधात पाणी आहे. हा किटोसिस, म्हणजे व्याल्यावर ऊर्जा कमी पडून अंगात कीटोन साचण्याचा आजार, असू शकतो का, आणि ते दुधावरून कळेल का?

आधी पाण्याचं. दुधात पाणी गेलं की फॅट आणि एसएनएफ दोन्ही सारख्या प्रमाणात उतरतात. ४.० फॅट आणि ८.५ एसएनएफच्या ९ लिटर दुधात १ लिटर पाणी मिसळलं तर फॅट ३.६ आणि एसएनएफ ७.६५ येईल. तुमच्या पावतीवर एक आकडा चढलाय, दुसरा उतरलाय. पाण्याने असं होत नाही. नमुना नीट ढवळला नाही आणि वरची मलई जास्त आली, असंही समजू. मग एसएनएफ थोडा पडेल, पण किती? फॅट ४.० वरून ५.४ झाली म्हणजे तेवढी जागा चरबीने घेतली. त्या हिशेबाने एसएनएफ ८.५ वरून ८.३८ च्या आसपास यायला हवा. ८.१ म्हणजे खरी घट आहे, आणि ती कासेत होते आहे. केंद्राला तरीही शंका असेल तर दुधाचा गोठणबिंदू तपासायला सांगा. पाणी असेल तर तो शून्याकडे सरकतो.

तर हो, किटोसिसची दाट शक्यता आहे. व्याल्यानंतरचे पहिले सहा आठवडे, त्यातही पहिले तीन, हे त्याचेच दिवस. ढेप सोडून कडबा खाणं ही त्याची जुनी ओळख आहे. गाय आधी खुराक सोडते, मग मुरघास, आणि कडबा-तणस शेवटपर्यंत खात राहते. पण "दाट शक्यता" आणि "निदान" यांत फरक आहे. दुधाची फॅट आणि प्रोटीन कोणत्या गायीला तपासायचं ते सांगतात. आजार आहे की नाही, ते दुधातले किंवा रक्तातले कीटोन सांगतात. ही दोन कामं वेगळी ठेवली की बरीच गफलत टळते.

दुधात हा बदल का होतो ते कळलं की आकडे वाचणं सोपं जातं. एक लिटर दूध तयार करायला कासेला सुमारे ७२ ग्रॅम ग्लुकोज लागतं. १७ लिटरला झालं सव्वा किलोच्या आसपास. गायीला ही साखर चाऱ्यातून थेट मिळत नाही. पोटातले जिवाणू साखर-स्टार्च आंबवून टाकतात आणि त्यातून निघालेल्या प्रोपिऑनिक आम्लापासून यकृत ग्लुकोज बनवतं. व्याल्यावर दूध झपाट्याने वाढतं, भूक मात्र मागे राहते. तूट भरायला गाय अंगावरची चरबी सोडते. त्या चरबीतला एक वाटा थेट कासेत जाऊन दुधाच्या फॅटमध्ये बसतो, म्हणून फॅट चढते. उरलेली यकृतात जाते. तिथे ती पूर्ण जाळायला जे लागतं तेच ग्लुकोज बनवण्यात खर्च झालेलं असतं. मग अर्धवट जळून ॲसिटोॲसिटेट, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट म्हणजे बीएचबी, आणि ॲसिटोन तयार होतात. हेच कीटोन. प्रोटीन पडतं कारण ऊर्जा कमी म्हणून पोटातले जिवाणू कमी वाढतात. दुधाच्या प्रोटीनचा मोठा कच्चा माल तेच जिवाणू आहेत. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, ग्लुकोजपासूनच बनतं. ते टक्केवारीत थोडंच घटतं, पण लॅक्टोज कमी बनलं की कासेत पाणीही कमी ओढलं जातं आणि दुधाचं मापच पडतं. तुमचे चार लिटर तिथे गेले.

यातूनच फॅट-प्रोटीन गुणोत्तर आलं. फॅटच्या टक्क्याला प्रोटीनच्या टक्क्याने भागायचं. एचएफ आणि एचएफ संकरित गायीत ते साधारण १.१ ते १.३ असतं. १.५ च्या वर गेलं तर किटोसिसचा संशय धरतात, काही ठिकाणी १.४ पासूनच धरतात. १.० च्या खाली आलं तर उलट बाजूचा विचार करायचा: खुराक जास्त, चारा कमी, पोटात आम्ल.

हा १.५ चा आकडा सगळ्या जनावरांना लावू नका. जर्सी संकरित गायीची फॅट मुळातच जास्त, तिचं गुणोत्तर निरोगी असतानाही थोडं वर असतं. म्हशीला तर तो लागूच पडत नाही. नागपुरी म्हशीच्या दुधात फॅट ७ आणि प्रोटीन ४ च्या जवळ धरलं तरी गुणोत्तर १.७५ येतं, आणि ती ठणठणीत असते. म्हशीत थेट कीटोनच तपासावेत. विदर्भातल्या देशी गवळाऊ गायीचं दूध इतकं कमी असतं की तिला हा आजार सहसा होतच नाही.

आता सगळ्यात मोठी अडचण, जिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. गावातल्या बहुतेक केंद्रांवर अल्ट्रासोनिक मशीन असतं. ते फॅट आणि एसएनएफ मोजतं. पडद्यावर किंवा पावतीवर प्रोटीनचा आकडाही येतो, पण तो मोजलेला नसतो. एसएनएफचा ठरावीक हिस्सा, साधारण ३६-३७ टक्के, प्रोटीन म्हणून दाखवलेला असतो. तुमच्या ८.१ एसएनएफला मशीन २.९६ च्या आसपास प्रोटीन दाखवेल आणि गुणोत्तर १.८ येईल. हा आकडा खोटा नाही, पण ते फॅट आणि एसएनएफचंच गुणोत्तर वेगळ्या कपड्यात आहे. अशा मशीनवर प्रोटीनच्या मागे न लागता सरळ फॅटला एसएनएफने भागा. आधीच्या आठवड्यात ४.० भागिले ८.५ म्हणजे ०.४७ होतं. आता ५.४ भागिले ८.१ म्हणजे ०.६७. मशीनच्या हिशेबातलं १.५ इथे सुमारे ०.५५ ला पडतं. पण एकट्या आकड्यापेक्षा त्याच गायीचा आठवड्यात ०.४७ वरून ०.६७ पर्यंतचा चढ जास्त बोलका आहे. प्रोटीन खरोखर मोजायचं असेल तर इन्फ्रारेड मशीन लागतं. ते मोठ्या डेअरीच्या प्रयोगशाळेत असतं. नमुना तिथे पाठवता आला तर उत्तम, नाही तर काम अडत नाही.

एकूण कॅनच्या पावतीवरून मात्र काही ठरवू नका. दहा गायींच्या दुधात एका गायीची फॅट विरून जाते.

नमुना घेण्यात जितक्या चुका होतात तितक्या बाकी सगळ्या कामात मिळून होत नाहीत. धारेच्या सुरुवातीचं दूध पातळ असतं, शेवटच्या धारांत फॅट कितीतरी पटीने जास्त असते. म्हणून पूर्ण धार काढून, बादलीतलं दूध दुसऱ्या भांड्यात दोन-तीनदा ओतून मगच नमुना घ्यायचा. आपल्याकडे शेवटचं दूध वासराला सोडायची पद्धत आहे. म्हणजे सगळ्यात जास्त फॅटचं दूध वासरू पितं आणि गायीची फॅट खोटी कमी दिसते. तपासणीच्या दिवशी एक वेळ तरी गाय पूर्ण पिळा आणि वासराला बाटलीने पाजा. सकाळ आणि संध्याकाळच्या दुधात फरक असतो. दोन धारांमधलं अंतर कमी असेल तर फॅट जास्त लागते. म्हणून सकाळची तुलना सकाळशीच करा, किंवा दोन्ही वेळचं दूध लिटरच्या प्रमाणात मिसळा: सकाळी ८ लिटर आणि संध्याकाळी ५ लिटर असेल तर ८० आणि ५० मिलीलिटर. अल्ट्रासोनिक मशीनला दूध लगेच दिलं तर हवेच्या बुडबुड्यांनी आकडा बिघडतो. थोडा वेळ थांबा, बुडबुडे जाऊ द्या. फ्रीजमधलं दूध असेल तर ४० अंशांपर्यंत कोमट करून मलई विरघळवा, मग जरा निवू द्या. मशीन गायीच्या सेटिंगवर आहे ना, तेही बघा. शंका वाटली तर गर्बर पद्धतीने फॅट पडताळा: १० मिलीलिटर गर्बर आम्ल (तीव्र सल्फ्युरिक आम्ल), १०.७५ मिलीलिटर दूध, १ मिलीलिटर अमाइल अल्कोहोल, सेंट्रिफ्यूज, आणि ६५ अंशाच्या पाण्यात ठेवून वाचन. त्यात चूक व्हायला जागा कमी.

व्याल्यानंतरचे पहिले चार-पाच दिवस गुणोत्तर काढूच नका. चिकात प्रोटीन खूप असतं, त्यामुळे ते खोटं कमी येतं. त्या दिवसांत संशय असेल तर कीटोन तपासा.

गुणोत्तर चढलं पण किटोसिस नाही, असंही होतं. विदर्भात सरकी आणि सरकीची ढेप भरपूर चारतात. तेलयुक्त खाद्य वाढवलं की फॅट वर जाते आणि प्रोटीन थोडं उतरतं. बायपास फॅट (पोटात न विरघळता पुढे जाणारं चरबीचं खाद्य) सुरू केलं तरी तेच. म्हणून गेल्या पंधरा दिवसांत खुराकात काय बदललं ते आधी विचारावं लागतं. तुमची गाय तर ढेप सोडूनच बसलीय, त्यामुळे हे कारण इथे मागे पडतं. दुसरीकडे, कासदाह असेल तर लॅक्टोज घटून एसएनएफ उतरतो आणि फॅटही सहसा खाली येते. नमुन्याआधी चारही सडांची कासदाह चाचणी करून घ्या आणि बिघडलेल्या सडाचं दूध नमुन्यात घेऊ नका. तिसरं म्हणजे आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. गाय कमी खाते, फॅट आणि प्रोटीन दोन्ही पडतात. तेव्हा किटोसिस असूनही गुणोत्तर १.३ वर शांत बसलेलं दिसू शकतं. एप्रिल-मे मध्ये व्यायलेल्या गायीला गुणोत्तर चांगलं आहे म्हणून सोडू नका, सरळ कीटोन तपासा.

दुधातले कीटोन तपासण्याची सगळ्यात स्वस्त पद्धत रोथेराची. परीक्षानळीत ताजं, नुकतंच काढलेलं ५ मिलीलिटर दूध घ्या. त्यात प्रयोगशाळेच्या दर्जाचं अमोनियम सल्फेट टाकत हलवा. तळाशी न विरघळलेले कण उरेपर्यंत टाकायचं, साधारण ४ ग्रॅम लागतं. खताच्या पोत्यातलं वापरू नका. सोडियम नायट्रोप्रुसाइडचे दोन-तीन खडे टाकून हलवा. मग नळी तिरपी धरून कडेने १ ते २ मिलीलिटर तीव्र अमोनिया सोडा. दोन थरांच्या सीमेवर काही मिनिटांत जांभळं कडं उमटलं तर कीटोन आहेत. कडं जितकं गडद आणि जितकं लवकर, तितके कीटोन जास्त. नायट्रोप्रुसाइड विषारी आहे आणि प्रकाशात खराब होतं. ते तपकिरी बाटलीत कुलपात ठेवा, हाताला लावू नका.

या चाचणीची मर्यादा लक्षात ठेवा. ती ॲसिटोॲसिटेट पकडते, बीएचबी अजिबात पकडत नाही. आणि गायीच्या अंगात बीएचबीच सर्वांत जास्त असतं. शिवाय ॲसिटोॲसिटेट टिकत नाही. नमुना दुपारपर्यंत ठेवला तर आजारी गायीचं दूधही कोरं निघू शकतं. त्यामुळे दुधाची रोथेरा चाचणी जांभळी आली तर विश्वास ठेवा, गाय खरंच आजारी आहे. कोरी आली तर "किटोसिस नाही" असं म्हणू नका. लघवीवर उलटं होतं. लघवीत कीटोन दुधापेक्षा कितीतरी जास्त असतात, त्यामुळे व्याल्यानंतर बऱ्याच धडधाकट गायींची लघवीही हलका रंग देते. माणसाच्या लघवीच्या कीटोन पट्ट्या दुधात बुडवून उपयोग नाही, त्या दुधातल्या पातळीला पुरत नाहीत.

दुधासाठीच बनवलेल्या बीएचबी पट्ट्या मिळाल्या तर त्याच घ्या. त्यांवर रंगाच्या पायऱ्या असतात: ०, ५०, १००, २००, ५००, १००० मायक्रोमोल प्रति लिटर. पट्टी दुधात बुडवायची, जास्तीचं दूध झटकायचं आणि डबीवर दिलेल्या वेळेलाच, साधारण एका मिनिटाने, रंग बघायचा. उशिरा बघितलं की रंग गडद होत जातो आणि फसवतो. १०० किंवा वर म्हणजे सुप्त किटोसिस (बाहेरून लक्षणं न दिसणारा) धरा. २०० च्या वर असेल तर फारशी शंका उरत नाही. ५० आलं तर दोन दिवसांनी परत. बीएचबी टिकाऊ असतं, त्यामुळे फ्रीजमध्ये ठेवलेला नमुना दुसऱ्या दिवशीही चालतो. पट्ट्यांची डबी मात्र गोठ्यातल्या पत्र्याखाली ठेवू नका. एका उन्हाळ्यात त्या कामातून जातात.

खात्री रक्तानेच होते. माणसांसाठीचं कीटोन मीटर गायीच्या रक्तावर चांगलं चालतं. फक्त पट्टी कीटोनची हवी, साखरेची पट्टी दिसायला तशीच असली तरी चालत नाही. रक्त शेपटीच्या किंवा मानेच्या शिरेतून घ्यायचं. पोटाखालच्या दुधाच्या शिरेतून घेऊ नका. कास स्वतः बीएचबी वापरते, त्यामुळे तिथून परतणाऱ्या रक्तात आकडा खोटा कमी येतो. १.२ मिलिमोल प्रति लिटरच्या वर म्हणजे सुप्त किटोसिस. ३ च्या आसपास आणि वर बहुधा लक्षणं दिसू लागतात. सकाळी पहिला चारा दिल्यानंतर चार-पाच तासांनी आकडा सगळ्यात जास्त असतो, म्हणून दर वेळी एकाच सुमाराला तपासा. तालुक्याच्या पशुवैद्यकांकडे मीटर नसेल तर नमुना सेमिनरी हिल्सच्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवता येईल.

तुमच्या गायीचं काय करायचं? आज संध्याकाळच्या धारेला कीटोन तपासा. जांभळं आलं किंवा पट्टी १०० किंवा त्याच्या वर गेली तर प्रोपिलीन ग्लायकॉल रोज एकदा ३०० मिलीलिटर, पाच दिवस, तोंडाने. डोकं फार उंच न करता, हळूहळू, गिळायला वेळ देत पाजा. गाय नीट गिळत नसेल तर पाजूच नका, फुप्फुसात गेलं तर जीव जातो. लवकर बरी व्हावी म्हणून मात्रा वाढवू नका, जास्त झाली की गाय गुंगते. आणि बाटलीवरचं नाव दोनदा वाचा. गाडीच्या रेडिएटरमध्ये टाकतात ते इथिलीन ग्लायकॉल विष आहे. गाय सुस्त असेल तर पशुवैद्यक शिरेतून डेक्स्ट्रोज देतील. त्याचा परिणाम काही तासच टिकतो, म्हणून सोबत ग्लायकॉल हवंच. स्टिरॉइडचं इंजेक्शन स्वतःहून देऊ नका.

गूळपाणी भरपूर पाजण्याची सवय सोडावी, हे आग्रहाने सांगतो. गूळ पोटातच आंबतो, रक्तात साखर म्हणून पोचत नाही. आधीच ढेप सोडलेल्या गायीला दोन-तीन किलो गूळ म्हणजे पोटात आम्ल वाढवणं. बिघडलेला, कुबट वासाचा मुरघासही ताबडतोब बंद करा. त्यातलं ब्युटिरिक आम्ल पोटाच्या आवरणातच बीएचबी बनतं आणि आजारात भर घालतं.

औषध चालू असताना मूळ कारणही शोधायला हवं. झार (वार) अडकली होती का, गर्भाशयाचा स्राव घाण वासाचा आहे का, कासदाह, पोटात तार, चौथं पोट सरकलं आहे का? डाव्या बरगड्यांवर स्टेथोस्कोप लावून टिचकी मारल्यावर धातूसारखा आवाज आला तर पोट सरकलं असण्याची शक्यता असते, आणि तेव्हा ग्लायकॉलने किटोसिस परत परत येत राहतो. क्वचित किटोसिस डोक्यात जातो: गाय दावण चाटत राहते, गोल फिरते, अंगावर येते. अशा वेळी कुत्रं चावलं होतं का ते आधी विचारा. रेबीज नाही असं पशुवैद्यक म्हणेपर्यंत तोंडात हात घालू नका आणि काही पाजू नका.

गाय सुधारते आहे हेही पावतीवर दिसतं. आधी भूक येते, मग एसएनएफ वर सरकतो आणि फॅट हळूहळू खाली येते. तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी कीटोन परत तपासा. तिसऱ्या दिवशी कमी झाले नसतील तर मूळ कारण अजून सापडलेलं नाही. औषध थांबल्यावर आठवड्याने पुन्हा चढले तर पशुवैद्यकांना परत बोलवा.

गोठ्यातल्या बाकी गायींचंही बघा. व्याल्यानंतर सहाव्या ते एकविसाव्या दिवसात प्रत्येक गायीची आठवड्यातून एकदा एकटीची फॅट-एसएनएफ वहीत लिहा, आणि त्याच काळात दोनदा कीटोन तपासा. नुकत्याच व्यायलेल्या दहांपैकी दोन-तीन गायींत कीटोन निघाले तर दोष गायींचा नाही, भाकड काळातल्या खाद्याचा आहे. त्या दोन महिन्यांत गाय फार चरबीने भरली असेल, म्हणजे अंगस्थिती (अंगावरच्या चरबीला दिलेला गुण) पाचपैकी पावणेचार किंवा वर असेल, तर व्याल्यावर तिची भूक सगळ्यात उशिरा येते. व्याताना साडेतीनच्या खालीच ठेवा. सव्वातीन उत्तम. व्यायच्या तीन आठवडे आधीपासून खुराक थोडा थोडा वाढवत दोन-तीन किलोपर्यंत न्या. व्याल्यावर दर दोन दिवसांनी अर्धा किलो वाढवा, एकदम ओतू नका. पहिल्या महिन्यात नुसत्या सोयाबीनच्या कुटारावर आणि तणसावर ठेवू नका. हिरवी मका किंवा संकरित नेपियर कापून द्या, पाणी कायम समोर असू द्या. भाकड काळात अंग वाढलेली गाय तेव्हा उपाशी ठेवून बारीक करू नका. त्याने चरबी आधीच सुटायला लागते आणि गाय व्यायच्या आधीच आजाराच्या वाटेला लागते.